३८ रुपये कमी पडले, २,०३४ रुपये गेले (बँकांचे चार्जेस, किमान शिल्लक वगैरे)

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी चार वर्षं चाकणला कंपनीत होतो. तेव्हा कंपनीनेच एका खाजगी बँकेत पगाराचं खातं काढून दिलं. नोकरी सोडून गावी शेती बघायला आलो, खातं तसंच चालू ठेवलं. मोटरसायकलचा ३,२४० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला त्याच खात्यातून जातो. आजवर एकही चुकला नव्हता.

यंदा (२०२५) राखी आली ९ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी. जुलैच्या शेवटच्या दिवशी खतासाठी पैसे काढले होते, खात्यात ३,२०२ उरले होते. शुक्रवारी संध्याकाळी केळीच्या व्यापाऱ्याने राहिलेल्या घडांचा १८,४०० चा चेक दिला, तो लगेच ड्रॉप बॉक्समध्ये टाकला आणि निर्धास्त होऊन बहिणीकडे अमळनेरला गेलो. म्हटलं शनिवार सुट्टी, रविवार सुट्टी, सोमवारी बघू.

रविवारी हप्ता आला. ३८ रुपये कमी. बाउन्स. सोमवारी ५९० कापले. मंगळवारी सकाळी फायनान्सवाल्यांनी परत हप्ता लावला, तोवर चेक जमा नव्हता, पुन्हा ५९०. चेक मंगळवारी संध्याकाळी वटला. बुधवारी मी स्वतः लिंकवरून हप्ता भरला, त्यात फायनान्सचे बाउन्सचे ५०० वेगळे. त्याच दिवशी मजुरी आणि औषधाचे १५,००० काढले. हे कमी म्हणून की काय, २ सप्टेंबरला 'सरासरी शिल्लक राखली नाही' म्हणून आणखी ३५४.

५९० + ५९० + ५०० + ३५४. करा बेरीज.

शाखेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "सिस्टीमने कापलेत सर, आमच्या हातात काही नाही." हे पैसे परत मिळू शकतात का? कोणाला मिळालेत का?

शेवभाजी
३८ रुपयांत आजकाल हॉटेलात नुसती शेवसुद्धा वाढत नाहीत भो. वाईट वाटलं.

खान्देशकन्या
दादा, राग मानू नका, पण शनिवारी यूपीआयने कोणाकडून पन्नास रुपये मागवून टाकता आले असते की. बहिणीकडेच होतात ना? ओवाळणीतनं परत मागायचे!

तापीकाठ (चोपडा)
ताई, ओवाळणी मी टाकली होती, माझ्याकडून गेली. :) आणि खरं सांगू का, रविवारी हप्ता कापतात हेच माहीत नव्हतं. आधी १० तारीख रविवारी आली की सोमवारी कापायचे असं डोक्यात पक्कं बसलेलं.

जंक्शन
मलाही हेच विचारायचं होतं. बँक बंद, चेक बंद, आणि हप्ता मात्र चालू?

निवृत्त_कॅशियर
हो जंक्शनभाऊ. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच, म्हणजे ज्यावर हप्ते, पेन्शन, अनुदानं चालतात ती व्यवस्था, आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवारी, सणाला, कधीही. मात्र चेकचं क्लिअरिंग सुट्टीच्या दिवशी चालत नाही. म्हणजे खात्यातून जायचा दरवाजा बारमाही उघडा आणि यायचा दरवाजा (चेकपुरता) सुट्टीला बंद. तापीकाठ त्या दोन दरवाजांच्या मध्ये सापडले.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी काही तासांत वटण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने आणलीय. दिवसभर येतील तसे चेक पुढे जातात, दोन दिवस गठ्ठा बांधून ठेवणं बंद. पण त्यातही कामाचा दिवस हवाच, शिवाय तुमचा चेक ड्रॉप बॉक्समधून वेळेत बाहेर निघाला पाहिजे. ती पेटी दिवसातून किती वेळा उघडतात ते तुमच्या शाखेत विचारून घ्या. मी नोकरीत असताना तिची किल्ली ज्याच्याकडे असायची तो जेवायला गेला की पेटीही जेवायला जायची.

आता मूळ मुद्दा. तुमचे चार खर्च चार वेगवेगळ्या जातीचे आहेत, एकाच दगडाने चारही पडणार नाहीत. रात्री निवांत लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

हिशोबी_माणूस
मी एका बँकेत आहे (कोणत्या ते विचारू नका), तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच लिहितो.

हप्त्याची तारीख तुम्हीच सही करून दिलेली असते. त्या दिवशी खात्यात पूर्ण पैसे हवेत. ३८ कमी असले काय नि ३,००० कमी असले काय, सिस्टीमला दोन्ही सारखेच. पैसे नसताना असा डेबिट परत जाणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा धरलेला आहे, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचं कलम २५ वाचा. चार्ज लावला नाही तर लोक खातं रिकामं ठेवून हप्ते लोंबकळत ठेवतात, हे मी काउंटरच्या आतून बघितलंय. एक गिऱ्हाईक तर दर महिन्याला बाउन्स करायचा आणि मग पान खात शाखेत यायचा, "भरतो ना साहेब, पळून चाललो का?"

आणि किमान शिल्लक मान्य नसेल तर ती बँक सोडा. सरकारी बँका उघड्या आहेत.

बापू_धुळेकर
पैसा आपला, नियम त्यासना, आन दंड बी आपलाच!

खान्देशकन्या
बापू +१

हिशोबीदादा, तुमचा पान खाणारा वेगळा आणि आमचे तापीकाठ वेगळे. यांचा चेक तुमच्याच पेटीत पडून होता हो! बँकेला दिसत होतं की १८ हजार येतायत.

हिशोबी_माणूस
ताई, पेटीतला चेक म्हणजे पैसे नव्हेत. वटेपर्यंत तो कागद. व्यापाऱ्याचाच बाउन्स झाला असता तर? केळीच्या व्यापाऱ्यांचे चेक किती वटतात ते रावेर-सावद्याकडच्यांना विचारा.

घड_कापणी (रावेर)
कोणी आठवण काढली? :)

हिशोबीभाऊंचं एवढं मात्र खरं. माझ्याकडे कपाटात व्यापाऱ्यांचे न वटलेले तीन चेक आहेत, फ्रेम करायचा विचार आहे. त्यात परत, दुसऱ्याचा चेक माझ्या खात्यावर बाउन्स झाला की चार्ज *माझ्याच* खात्यातून जातो. फसवलं त्याने, दंड मला. हे तर अजून कोणी मला समजावून सांगू शकलेलं नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. ही 'मासिक सरासरी शिल्लक' पगारदाराच्या हिशोबाने बनवलेली आहे. दर एक तारखेला पगार आला की सरासरी आपोआप सांभाळली जाते. आमच्याकडे लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्ष निघतं. कापूसवाल्याचा पैसा दिवाळीच्या आसपास सुरू होतो. मधले महिने खातं कोरडंच असणार, तापी उन्हाळ्यात असते तसं. आणि मग दोन लाख एकदम येतात, चार दिवसांत उधारी फेडण्यात जातात. सरासरी कुठून राहणार?

चटईवाला (जळगाव एमआयडीसी)
शेतकऱ्यांचं बोललात, आता आम्हा कारखानदारांचं ऐका (कारखानदार म्हणजे दोन मशीन आणि सहा माणसं, उगाच मोठं समजू नका).

माझं कॅश क्रेडिट आहे (धंद्यासाठी लागेल तसं काढायचं आणि भरायचं कर्ज), मंजूर मर्यादा १० लाख. पण १० लाख वापरता येत नाहीत. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशोब, द्यायचं, त्यावरून ते 'ड्रॉइंग पॉवर' काढतात, तेवढेच वापरायचे. मे महिन्यात माझ्या अकाउंटंटच्या घरी लग्न, स्टेटमेंट आठ दिवस उशिरा गेलं. ड्रॉइंग पॉवर थेट खाली. मी आधीच वापरलेली रक्कम तिच्या वर. म्हणजे मी काही नवीन काढलं नाही, तरी एका रात्रीत माझं खातं 'ओव्हरड्रॉन' झालं! त्यावर दंड, स्टेटमेंट उशिरा दिल्याचा वेगळा दंड, आणि वर जीएसटी.

पूर्वी याहून वाईट होतं. दंडाचं व्याज मूळ व्याजात मिसळायचे आणि मग त्यावरही व्याज. आता रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलंय, १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना, आणि ३० जून २०२४ पर्यंत जुन्यांनाही लागू. दंड लावा, पण 'दंडाचं व्याज' नको, आणि दंडावर परत व्याज चढवायचं नाही. माझ्या सीएने स्टेटमेंट ओळीओळीने तपासलं तर एका महिन्यात दंड मुद्दलात मिसळलेला सापडला. पत्र दिलं, उलटा फिरवला. पत्र दिलं नसतं तर आजही तिथेच असता.

शेवभाजी
सीएची फी किती झाली?

चटईवाला (जळगाव एमआयडीसी)
दंडापेक्षा जास्त. :(

निवृत्त_कॅशियर
हं, आलो.

आधी ३५४ घेऊ, कारण तो सगळ्यात कच्चा आहे. ३०० अधिक १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात स्वच्छ लिहिलंय की शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, एसएमएसने, ई-मेलने किंवा पत्राने, की बाबा, कळवल्यापासून महिनाभरात शिल्लक भरली नाहीस तर दंड लागेल. महिना द्यायचा, मग कापायचं. शिवाय दंड तुटीच्या प्रमाणात हवा. स्लॅब चालतात, पण सरसकट एकच आकडा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये.

मी तुमची सरासरी कागदावर मांडली, सवय जात नाही. रोज रात्रीची शिल्लक घ्यायची, बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागायचं. १ ते १० तारीख ३,२०२. ११ ला २,६१२. १२ ला चेक आल्यावर २०,४२२. १३ पासून ३१ पर्यंत १,६८२. बेरीज ८७,०१२, भागिले ३१, सरासरी साधारण २,८०७. म्हणजे ५,००० ची अट असेल तर २,१९३ कमी. बघा, १८ हजार एक रात्र राहिले तरी सरासरीत फार भर पडत नाही, हीच गंमत आहे. ते चारच दिवस खात्यात राहिले असते तरी चित्र बरंच बदललं असतं.

तुम्हाला आधी कळवलं होतं का? एसएमएस आला होता का? हे नक्की सांगा, सगळं त्यावर आहे.

५९० ची गोष्ट वेगळी. त्याला रिझर्व्ह बँकेने आकड्याची मर्यादा घातलेली नाही, बँका आपापले दर ठरवतात. पहिला ५९० परत मिळणं अवघड, हिशोबी म्हणतात ते तेवढ्यापुरतं बरोबर. दुसऱ्यासाठी मात्र भांडा. चेक शुक्रवारपासून त्यांच्याच ताब्यात होता हे लिहा, पावतीचा फोटो जोडा. हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून. ग्राहक जुना असेल तर शाखेला परतावा सुचवता येतो. "सिस्टीमने कापलं" असं म्हणणाऱ्या मॅडमना सिस्टीम उलटी कशी फिरवायची तेही माहीत असतं.

फायनान्सचे ५०० विसरा. त्यांना फक्त एक पत्र द्या, हप्त्याची तारीख १० ऐवजी १५ करून मागा.

तापीकाठ (चोपडा)
काका, नमस्कार घ्या. इतकं कोणी समजावलं नव्हतं.

एसएमएस तपासले. बँकेचे दिवसाला तीन-चार येतात: कर्ज घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, सोन्यावर कर्ज घ्या. शिल्लक कमी असल्याचा एकही नाही.

खान्देशकन्या
ई-मेल बघितला का? खात्याला ई-मेल कोणता लावलाय?

तापीकाठ (चोपडा)
…कंपनीचा. चाकणचा. नोकरी सोडली त्या दिवशीच बंद झालेला.

शेवभाजी
घ्या! नोटीस गेली स्वर्गात.

हिशोबी_माणूस
आता तुम्हीच सांगा चूक कोणाची. :)

(तरी पण काका म्हणतात तो महिन्याचा नियम खरा आहे. मी सकाळी आमच्याकडे विचारलं. नोटीस ऑगस्टमध्ये निघाली असेल तर २ सप्टेंबरला कापायला नको होतं. मागे घेतो एवढ्यापुरतं.)

सातपुडा (धडगाव)
तुमच्याकडे निदान भांडायला शाखा तरी आहे. आमच्याकडे बँक म्हणजे बँक मित्राची टपरी आणि त्याचं अंगठ्याचं मशीन. आईचं जनधन खातं आहे, त्यावर किमान शिल्लक नाही हे चांगलं. पण दर वेळी पासबुक भरायला चाळीस किलोमीटर, आणि गेलं की प्रिंटर बंद. मशीनवर कागद चिकटवलेला, 'मशीन नादुरुस्त आहे'. तो कागदही आता इतका जुना झालाय की शाई उडून 'न दुरुस्त' एवढंच दिसतं.

एक विचारायचं होतं. जनधनवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही पैसे उचलायची सोय, मिळतो म्हणतात. मी मागितला तर मॅनेजर हसले. खरं काय?

निवृत्त_कॅशियर
खरं आहे. योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली तेव्हा मर्यादा ५,००० होती, २०१८ मध्ये १०,००० केली. त्यातले २,००० पर्यंत अटी न घालता देण्याचं ठरलंय. खातं सहा महिने नीट चाललेलं हवं, आणि घरातल्या एकाच माणसाला, शक्यतो बाईला. आईंच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी मागितलं की हसतात, लेखी मागितलं की फाइल उघडावी लागते.

मुगाची_पेंढी (शिंदखेडा)
लाडक्या बहिणीचं लिहू का इथे? गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जुलै-ऑगस्टचे एकदम ३,००० आले. माझ्या जावेचं कॉलेजातलं जुनं खातं आधारला जोडलेलं, त्यावर आले. त्या खात्यावर आधीची 'थकबाकी' बसलेली, शिल्लक न ठेवल्याची. ३,००० आले आणि त्यातले ११०० आणि वर काही रुपये गेले. ती बिचारी राखीला भावाला शर्ट घेणार होती. नंतर सरकारने बँकांना सांगितलं की या पैशांतून कापू नका, पण तिचे गेले ते गेलेच.

निवृत्त_कॅशियर
ताई, तिने अजूनही अर्ज करावा. खातं दोन वर्षं व्यवहाराविना बंद पडलेलं असेल तर अशा निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावताच येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करून द्यायलाही पैसे घेता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं १ जानेवारी २०२४ चं परिपत्रक आहे. ती 'थकबाकी' कोणत्या महिन्यांची ते लेखी मागायचं.

बापू_धुळेकर
हे सगळं वाचून असं वाटतं की पतसंस्था बरी. ना चार्ज, ना शिल्लक. मॅनेजर घरी येऊन चहा पितो.

घड_कापणी (रावेर)
बापू, जळगाव जिल्ह्यात हे मोठ्याने बोलू नका. चार्जेस नव्हते, ठेवीच गेल्या. आमच्या गल्लीत एक म्हातारा आजही ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात घेऊन फिरतो.

निवृत्त_कॅशियर
बरोबर. बँक बुडाली तर ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंत मिळतात, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला तो विमा नाही. तिथलं गाऱ्हाणं सहकार खात्याकडे, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नाही. चहा घ्या, ठेव विचार करून ठेवा.

बापू_धुळेकर
मी चहापुरतंच म्हणत होतो.

जंक्शन
एटीएमचं कोणी काढलंच नाही. वडील दर आठवड्याला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर जाऊन नुसती शिल्लक बघतात, रेल्वेचं पेन्शन आलं का म्हणून. महिन्याच्या शेवटी पैसे काढले की २७ रुपये १४ पैसे. मी म्हटलं हे १४ पैसे कुठून आले.

खान्देशकन्या
२३ अधिक जीएसटी. मे २०२५ पासून २१ चे २३ झाले. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच वेळा फुकट, दुसऱ्यांच्या मशीनवर मोठ्या महानगरांत तीन आणि आपल्याकडे पाच. आणि शिल्लक बघणंही त्या पाचात मोजतात! बाबांना शिल्लक कळवणारा बँकेचा मिस्ड कॉलचा नंबर सेव्ह करून द्या.

जंक्शन
दिला होता. त्यांचा मिस्ड कॉलवर विश्वास नाही. कागद निघाला पाहिजे.

शेवभाजी
मेच्या शेवटी ४३६ आणि २० कापले जातात, सरकारी विम्यांचे. त्याचा राग नाही. पण मेल्याशिवाय नाहीतर अपघातात हातपाय गेल्याशिवाय फायदा नाही हे फार वाईट.

मुगाची_पेंढी (शिंदखेडा)
शुभ बोल रे नाऱ्या.

हिशोबी_माणूस
मी दोन गोष्टी मान्य करतो आणि एक करत नाही.

मान्य: हा पैसा छोटा नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी घेतले, हे सरकारनेच लोकसभेत सांगितलं. मान्य: स्टेट बँकेने २०२० मध्ये हा दंड बंद केला आणि ती काही बुडाली नाही. २०२५ च्या जूनपासून आणखी बऱ्याच सरकारी बँकांनी बंद केला.

मान्य नाही: 'बँक लुटते'. शाखा, माणसं, मशीन, सुरक्षारक्षक यांचा खर्च कुठून येणार? दोन-तीन हजारांच्या खात्यावर बँकेला काय सुटतं? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीही गेल्याच महिन्यात सांगितलं की किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकांवर सोडलंय.

घड_कापणी (रावेर)
त्याच आठवड्यात एका मोठ्या खाजगी बँकेने शहरांतल्या नव्या खात्यांना ५० हजार केली आणि लोक ओरडल्यावर चार दिवसांत १५ हजारांवर आणली ना? मग 'खर्च' चार दिवसांत कमी झाला का भाऊ?

हिशोबी_माणूस
…यावर माझ्याकडे उत्तर नाही. जेवायला जातो.

शेवभाजी
लंच टाइम! काउंटर बंद! (हसून हसून गडाबडा लोळलो)

चटईवाला (जळगाव एमआयडीसी)
जेवणावरून आठवलं, गणपतीनंतर कोणी भरीत पार्टी ठरवतंय का? वांगी यंदा कशी आहेत बामणोदकडे?

घड_कापणी (रावेर)
भरिताची खरी वांगी थंडीत. तोवर कळण्याच्या भाकरीवर भागवा. धागा भरकटतोय, तापीकाठला न्याय मिळू द्या आधी.

निवृत्त_कॅशियर
हो, ते राहिलंच. तापीकाठ, क्रम असा ठेवा. आधी बँकेला लेखी तक्रार, शाखेतून पोच घ्यायची किंवा ई-मेलने तक्रार क्रमांक. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सगळं ऑनलाइन, एक रुपया फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर फोन करा. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

आणि तुम्हाला एवढं मोठं खातं हवंय कशाला? खातं 'बेसिक' करून मागा. त्यावर किमान शिल्लकेची भानगडच नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात चार वेळा पैसे काढायला फुकट, जमा कितीही वेळा. एकच अट, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. हे सगळ्या बँकांना द्यावंच लागतं, खाजगीलाही. फक्त ते स्वतःहून सांगत नाहीत. तुम्ही ई-मेल पत्ताही बदला, आजच.

तापीकाठ (चोपडा)
लिहून ठेवलं काका. उद्या चोपड्यालाच जातोय, अर्ज घेऊन.

---

तापीकाठ (चोपडा)
महिन्यानंतर धागा वर आणतोय.

अर्ज दिला. आधी "पोच देत नाही आम्ही" म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे, मग ई-मेल करतो, तर लगेच शिक्का सापडला. नऊ दिवसांनी फोन आला की नोटीस माझ्या ई-मेलवर पाठवली होती. मी विचारलं, कोणत्या तारखेला? १८ ऑगस्ट. मी म्हटलं, मग १८ सप्टेंबरपर्यंत थांबायला हवं होतं ना, २ ला कसं कापलं? पलीकडून "एक मिनिट होल्ड करा सर". गाणं वाजलं. चार दिवसांनी ३५४ परत आले, जीएसटीसकट.

दुसरा ५९० सुद्धा आला, 'सद्भावना म्हणून'. पहिला आला नाही. फायनान्सचे ५०० गेले, पण तारीख १५ करून मिळाली. म्हणजे २,०३४ पैकी ९४४ मिळाले.

काका, पुढच्या वेळी चोपड्याला आलात तर केळी माझ्याकडून.

निवृत्त_कॅशियर
शाब्बास. केळी नको, मधुमेह आहे. पत्राची प्रत मात्र इथे टाका, नावं झाकून. मुगाची_पेंढीच्या जावेला लागेल.

मुगाची_पेंढी (शिंदखेडा)
हो, टाकाच. तिने कालच विचारलं.

खान्देशकन्या
अभिनंदन दादा! खातं बेसिक केलंत का?

तापीकाठ (चोपडा)
फॉर्म भरून दिलाय. त्या दिवशी संध्याकाळीच बँकेचा फोन आला. मला वाटलं त्याचंच असेल. "सर, तुमच्या उत्तम व्यवहारामुळे तुमची प्रीमियम क्रेडिट कार्डसाठी निवड झाली आहे."

शेवभाजी
घेतलं का?